बर्फ ग्रीनलंडचं, पाऊस खान्देशचा

चाळीसगावहून अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे निघालं, की अठरा-वीस किलोमीटरवर पाटणे लागतं. बहुतेक खान्देशकर हे गाव ओळखतात ते पाटणादेवीमुळे, गौताळा अभयारण्याच्या हिरव्या डोंगरकुशीमुळे आणि भास्कराचार्यांच्या नावामुळे. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं इथे मठ काढला. त्याची साक्ष देणारा इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला. आठशे वर्षांचा हा वारसा मोठाच आहे. पण याच गावाच्या मातीत त्याहून कितीतरी जुनी नोंद सापडली आहे, आणि ती आजच्या आपल्या सर्वांत मोठ्या काळजीशी, म्हणजे बदलत्या पावसाशी, थेट जोडलेली आहे.

१९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी पाटण्याला उत्खनन केलं. ओढ्याकाठच्या गाळाचे एकावर एक साचलेले थर त्यांनी उलगडले. खालच्या थरांत मध्य पुराश्मयुगाची दगडी हत्यारं होती, वर उत्तर पुराश्मयुगाची आणि सगळ्यांत वर मध्याश्मयुगाची. एकाच ठिकाणी इतका सलग क्रम मिळणं दुर्मीळच. त्या थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवच्या निघाल्या. काही कवच्यांचे मणी केलेले होते. एका तुकड्यावर दोन समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये आडव्या-तिरप्या रेघांची जाळीदार नक्षी कोरलेली होती. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव कलाकृतींमध्ये पाटण्याच्या या तुकड्याची गणना होते.

पाटण्याच्या शहामृगाच्या कवचीचं वय नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीनं काढलं गेलं. उत्तर आलं २५,००० वर्षं, २०० वर्षं इकडे किंवा तिकडे. वातावरणातल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं. त्यामुळे हा आकडा आपल्या नेहमीच्या वर्षांत बसवावा लागतो. तसा बसवला तर ती कवची साधारण २९,००० वर्षांपूर्वीची ठरते. शेवटचं हिमयुग तेव्हा आपल्या सर्वांत कडक टप्प्याकडे निघालं होतं.

खान्देशातलं शहामृग

शहामृग हा घनदाट जंगलाचा पक्षी नाही. त्याला मोकळं रान लागतं, खुरटं गवत आणि विरळ झुडपं लागतात, पळायला जागा लागते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या अनेक ठिकाणी त्याच्या अंड्याच्या कवच्या मिळाल्या आहेत. हा पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाचाच भाऊबंद होता की दुसरी कुठली जात, याबद्दल बराच काळ शंका होती. २०१७ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या, म्हणजे सीसीएमबीतल्या, शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह अशा कवच्यांतला प्राचीन डीएनए वाचला आणि त्याचं नातं आफ्रिकी शहामृगाशी जुळलं.

या पक्ष्याचं एक अंडं सुमारे दीड किलोचं भरतं आणि कवच दोनेक मिलिमीटर जाड असतं. आफ्रिकेतल्या कालाहारीतले शिकारी लोक अगदी अलीकडेपर्यंत त्यात पाणी साठवत असत. पाटण्याच्या माणसानं त्याचे मणी घडवले, त्यावर नक्षी कोरली. म्हणजे हा पक्षी त्याच्या रोजच्या जगाचा भाग होता.

आज जळगावला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्याला त्याहून कमी. अजिंठ्याच्या उतारावर सागाचं आणि मिश्र पानझडीचं जंगल टिकून आहे. हिमयुगातल्या मोठ्या काळात हे रान आजच्यापेक्षा बरंच मोकळं आणि कोरडं होतं, हे कवच्यांवरून दिसतं आणि मातीवरूनही. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या पिवळसर गाळात चुनखडीचे खडे जागोजागी भरलेले असतात. ओलावा आणि कोरडेपणा आलटून-पालटून येणाऱ्या, एकंदरीत कमी पावसाच्या हवेत जमिनीतला चुना असा गोठून बसतो.

हिमयुग म्हटलं, की डोळ्यांसमोर बर्फ येतं. खान्देशात बर्फ नव्हतं. कॅनडा, उत्तर युरोप आणि स्कँडिनेव्हियावर मैलभराहून जाड हिमचादरी पसरल्या होत्या. त्यांत इतकं पाणी अडकलं होतं, की हिमयुगाच्या शिखरावर, म्हणजे सुमारे २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ तेव्हा कोरडी जमीन होता आणि किनारा शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेला सरकला होता. पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी कमी होतं. आपल्याकडे हिमयुग आलं ते कोरड्या वाऱ्याच्या, क्षीण पावसाच्या रूपात.

ग्रीनलंडच्या बर्फातली वही

पण हिमयुग म्हणजे एकसारखी, न बदलणारी थंडी नव्हती, आणि हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९५२ मध्ये विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञानं कोपनहेगनमधल्या आपल्या घराच्या आवारात बिअरची रिकामी बाटली आणि नरसाळं ठेवून पावसाचं पाणी गोळा केलं. पाण्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड अणू असतात. त्यांचं प्रमाण पाऊस किती थंड हवेतून पडला यावर अवलंबून असतं, हे त्यानं मोजून दाखवलं. पुढे त्याच्या लक्षात आलं, की ग्रीनलंडचं बर्फ म्हणजे हजारो वर्षांचा साठवलेला पाऊसच आहे.

१९६६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या कॅम्प सेंच्युरी तळावर बर्फाला तळापर्यंत, सुमारे १,३९० मीटर खोल, छिद्र पाडलं गेलं. त्या बर्फाच्या दांड्यात डान्सगार्डला हिमयुगातल्या तापमानाचे विलक्षण चढउतार दिसले. पुढे डाय-३ या ठिकाणच्या छिद्रात तेच दिसलं आणि स्विस शास्त्रज्ञ हान्स ओश्गर यानं त्यांना दुजोरा दिला. १९९२-९३ मध्ये ग्रीनलंडच्या माथ्यावर युरोपीय आणि अमेरिकी गटांनी तीस किलोमीटरच्या अंतरावर तीन-तीन हजार मीटरची दोन स्वतंत्र छिद्रं पूर्ण केली. दोन्हींतल्या नोंदी एकमेकींशी जुळल्या आणि संशयाला जागा उरली नाही.

त्या नोंदी काय सांगतात? सुमारे १,१५,००० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या हिमयुगात ग्रीनलंडचं तापमान पंचवीसेक वेळा अचानक उसळलं. वाढ पाच ते सोळा अंशांची, आणि तीही अवघ्या काही दशकांत. मग काही शतकं, कधी एक-दोन हजार वर्षं, हवा हळूहळू निवत गेली आणि शेवटी झपकन पुन्हा मूळच्या थंडीत गेली. या उसळ्यांना आज डान्सगार्ड-ओश्गर घटना म्हणतात. त्यांतली चौथी उसळी सुमारे २८,९०० वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे पाटण्याच्या शहामृगाच्या कवचीच्या काळालगतची.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकात, चित्र निराळं आहे. तिथल्या बर्फात या उसळ्या नाहीत. तिथे तापमान संथ लयीत शतकानुशतकं वर चढतं आणि तसंच खाली उतरतं. ग्रीनलंड गारठलेलं असतं तेव्हा अंटार्क्टिक सावकाश तापत असतं. ग्रीनलंड उसळलं, की साधारण दोनशे वर्षांनी अंटार्क्टिक निवू लागतं. शास्त्रज्ञ याला दोन ध्रुवांचा सी-सॉ म्हणतात. अचानक तापणं आणि संथ तापणं ही दोन वेगळी प्रकरणं नसून एकाच समुद्राच्या व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, ही या संशोधनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

अटलांटिक महासागरात उष्ण कटिबंधातलं खारट, कोमट पाणी पृष्ठभागावरून उत्तरेला जातं. आइसलँड-ग्रीनलंडच्या परिसरात ते गारठतं, जड होतं, खोल बुडतं आणि तळातून दक्षिणेला परततं. हा प्रवाह प्रचंड उष्णता उत्तरेकडे वाहून नेतो. हिमचादरींतून वितळलेलं गोडं पाणी किंवा सुटलेले हिमनग उत्तर अटलांटिकात आले, की तिथलं पाणी हलकं होतं, बुडेनासं होतं आणि प्रवाह मंदावतो. मग उत्तरेला थंडी वाढते आणि न पोचलेली उष्णता दक्षिण गोलार्धात साचत राहते. प्रवाह पुन्हा जोर धरतो तेव्हा उत्तरेचं तापमान काही दशकांत उसळी घेतं. हिमनगांनी वाहून आणलेले खडे अटलांटिकच्या तळाच्या गाळात थराथरांनी सापडतात, हे हार्टमुट हाइनरिश या जर्मन शास्त्रज्ञानं १९८८ मध्ये दाखवलं आणि या कथेतला मोठा दुवा जुळला.

अरबी समुद्राची साक्ष

ग्रीनलंडशी खान्देशचा संबंध काय, याचं उत्तर अरबी समुद्राच्या तळाशी मिळालं. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहतात तेव्हा समुद्राच्या वरच्या थरात खोलचं पोषक पाणी मिसळतं, सूक्ष्म जीव भरभराटतात, मरून खाली बसतात आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. तळाशी मग जीव राहू शकत नाहीत आणि गाळाचे थर न विस्कटता, काळपट, रेघारेघांचे साचतात. वारे क्षीण असले, की ऑक्सिजन शिल्लक राहतो, तळातले किडे गाळ उकरतात आणि थर फिकट, एकजिनसी होतो.

१९९८ मध्ये हार्टमुट शुल्झ आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या किनाऱ्यालगतच्या गाळाचा १,१०,००० वर्षांचा क्रम प्रसिद्ध केला. काळे आणि फिकट थर ग्रीनलंडच्या उसळ्यांशी जवळजवळ एकास एक जुळत होते. ग्रीनलंड उबदार असेल तेव्हा मोसमी वारे जोमदार, गारठलेलं असेल तेव्हा मलूल. चीनमधल्या हुलू गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभांनीही पुढे तसाच हिशेब मांडला. उत्तर अटलांटिक थंड झालं, की पावसाचा विषुववृत्तीय पट्टा दक्षिणेला सरकतो आणि आशियातल्या जमिनीकडे येणारा ओलावा घटतो. आठ हजार किलोमीटर दूरच्या समुद्रातला बदल असा आपल्या आषाढ-श्रावणापर्यंत येऊन पोचतो.

हिमयुगातला खान्देश म्हणजे सतत कोरडा प्रदेश असं चित्र त्यामुळे अपुरं ठरतं. कोरड्या काळातही पावसाचे बरे टप्पे येत होते, जात होते. एखाद्या माणसाच्या आयुष्यात ओढे भरून वाहिले असतील, आणि त्याच्या नातवानं तेच ओढे आटलेले पाहिले असतील.

हत्यारं लहान झाली, नद्या खोल गेल्या

अशा बदलत्या जगात माणसानं काय केलं, तेही पाटण्याच्या थरांत दिसतं. जास्पर आणि चाल्सेडनी हे रंगीत, कठीण दगड दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतात आणि नदीनाल्यांत गोट्यांच्या रूपानं मिळतात. त्यांपासून आधी मोठाली छिलकं काढली जात. पुढे लहान, अरुंद, धारदार पाती काढण्याचं तंत्र आलं. अशी पाती लाकडात किंवा हाडात बसवून भाला, बाण, सुरा बनवता येतो. थोड्या दगडात जास्त धार मिळते, ओझं कमी होतं, तुटलेलं पातं तेवढंच बदलता येतं. फिरत्या शिकारी माणसाला, ज्याला पुढचं पाणी कुठे मिळेल याची खात्री नाही, त्याला याहून सोयीचं काय असणार?

२००९ मध्ये मायकेल पेट्राग्लिया आणि सहकाऱ्यांनी आंध्रातल्या ज्वालापुरम आणि पाटण्यासारख्या ठिकाणांचा पुरावा एकत्र मांडला. सुमारे ३५,००० वर्षांपूर्वीपासून दक्षिण आशियात हे लहान पात्यांचं तंत्र पसरलं, आणि त्यामागे वाढती लोकसंख्या आणि बिघडत चाललेलं हवामान हे दोन्ही होते, असं त्यांचं म्हणणं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, कान नदीकाठच्या भाडणे इथेही साळींनी अश्मयुगीन हत्यारांचे थर नोंदवले. त्यांचं हे काम १९८९ मध्ये डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्रातल्या उत्तर पुराश्म आणि मध्याश्मयुगीन संस्कृतींवरच्या ग्रंथात एकत्र आलं आहे.

नद्यांनीही आपली नोंद ठेवली. पुण्याचे विश्वास काळे आणि डेक्कन कॉलेजचे एस. एन. राजगुरू यांनी १९८७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात वायव्य दख्खनच्या नद्यांचा इतिहास मांडला. हिमयुगाच्या कोरड्या काळात उतारांवरचं गवत-झाड विरळ झालं, माती सुटून खाली आली, आणि ती वाहून न्यायला नद्यांत पुरेसं पाणी नव्हतं. पात्रं गाळानं भरत गेली. हिमयुग संपून पाऊस जोरात सुरू झाला तेव्हा त्याच नद्यांनी आपलाच गाळ कापत पात्रं खोल नेली. तापीकाठच्या उंच उभ्या दरडी आणि त्यांना चिरत गेलेल्या घळी पाहताना हे लक्षात ठेवावं: त्या दरडीतली माती क्षीण पावसाची आहे आणि तिला पाडलेली चीर जोमदार पावसाची.

हिमयुग संपलं कसं

हिमयुगाचा शेवट हा संथ आणि अचानक या दोन्ही चालींचा सर्वांत स्पष्ट धडा आहे. पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात हजारो वर्षांत होणाऱ्या बदलांमुळे उत्तर गोलार्धातलं उन्हाळ्याचं ऊन वाढत गेलं. हा संथ धक्का. हिमचादरी वितळू लागल्या, समुद्रातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागला. हवेतलं त्याचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे १९० भागांवरून २६०-२७० भागांवर जायला सुमारे सात हजार वर्षं लागली. या वायूनं तापमानवाढ सगळ्या पृथ्वीवर पसरवली.

पण या संथ चढणीवर पायऱ्या होत्या. सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्ध अचानक तापला. त्याच सुमारास समुद्र पाचशे वर्षांच्या आत पंधरा मीटरहून अधिक वर आला. मग १२,९०० वर्षांपूर्वी थंडी परतली आणि बाराशे वर्षं ठाण मांडून बसली. तिचा शेवट ११,७०० वर्षांपूर्वी झाला तो विस्मयकारक वेगानं. रिचर्ड ॲली आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या बर्फाचे वार्षिक थर मोजले, तेव्हा तिथे बर्फ साचण्याचं प्रमाण अवघ्या तीनेक वर्षांत दुप्पट झाल्याचं दिसलं.

आपल्या बाजूची नोंद शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारच्या सरोवरातून भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढला. सुमारे अकरा हजार वर्षांमागे पावसाळा जोर धरतो, हे त्याच्या तळाच्या भागात वाचता येतं. वरच्या भागात सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा दीर्घ दुष्काळी काळही उमटला आहे. पावसाचं पुनरागमन आणि त्याचं रुसणं, दोन्ही त्या एका दांड्यात आहे.

आजचा वेग

आता आकडे शेजारी ठेवून पाहू. हिमयुग संपताना पृथ्वीचं सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी वाढायला आठ-दहा हजार वर्षं लागली, म्हणजे शतकाला अंशाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वी एक अंशाहून अधिक तापली आहे. कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी २८० भाग होता, आज ४२० च्या पुढे गेला आहे. हिमयुगाच्या अखेरीस सात हजार वर्षांत जेवढी वाढ झाली, त्याहून जास्त आपण दोन शतकांत केली.

ग्रीनलंडच्या उसळ्या याहून वेगवान होत्या हे खरं, पण त्या उष्णतेच्या वाटपातल्या उलथापालथी होत्या: एक गोलार्ध तापे तेव्हा दुसरा निवे. आज सगळी पृथ्वी एकाच दिशेनं तापते आहे. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात अटलांटिकचा तो प्रवाह मंदावण्याची शक्यता खूप जास्त आहे. तो २१०० पूर्वी एकदम कोसळणार नाही असं अहवाल मध्यम खात्रीनं म्हणतो. आपल्या पावसाचा एक धागा त्या प्रवाहाशी बांधलेला असताना 'मध्यम खात्री' हे शब्द खान्देशनं गांभीर्यानं घ्यायला हवेत.

कारण आपल्यापाशी पाटण्याच्या माणसाची मोकळीक नाही. पाणी आटलं तर तो टोळी घेऊन दुसऱ्या खोऱ्यात गेला. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगरच्या शेतकऱ्याची केळीची बाग, विहीर, कर्ज आणि घर एकाच जागी रोवलेलं आहे. त्याच्या विहिरीचं पाणीही प्राचीन हवामानाच्या देणगीतच साठतं: तापीच्या खोऱ्यात, काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा जो गाळ आहे, तो त्या हिमयुगांच्या दीर्घ काळात साचला, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा गोट्या-वाळूचा पट्टा त्या भूजलाचं मुख्य द्वार आहे. त्यातून आपण पाणी उपसतो ते दरवर्षीचा पाऊस पुन्हा भरणा करील या भरवशावर. अनेक दशकं पातळी खाली जाते आहे, म्हणजे तो भरवसा आत्ताच कमी पडतो आहे.

संथ बदलाशी माणूस हळूहळू जुळवून घेतो. पण संथ बदलच एखाद्या टप्प्यावर अचानक बदलाला वाट करून देतो, हे ग्रीनलंडच्या बर्फानं, अरबी समुद्राच्या गाळानं आणि लोणारच्या तळानं वेगवेगळ्या भाषांत सांगितलं आहे. म्हणून पुढच्या तीस वर्षांचं पाण्याचं नियोजन गेल्या तीस वर्षांच्या सरासरी पावसावर बेतणं धोक्याचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी पुनर्भरणाची कामं, केळीच्या जोडीला कमी पाण्याची पिकं, आणि उपशावर गावानं मिळून ठरवलेली मर्यादा, या गोष्टी चांगल्या पावसाच्या वर्षांतच करून ठेवाव्या लागतील. वाईट वर्ष आल्यावर त्यांना वेळ मिळत नाही.

आणि या सगळ्याचा पुरावा ज्या दरडींत आहे त्या जपायला हव्यात. वाळूउपसा, वीटभट्ट्यांसाठी माती काढणं आणि घळींचं सपाटीकरण यांत हजारो वर्षांचे थर एका उन्हाळ्यात नाहीसे होऊ शकतात. पाटणे आणि भाडणे इथले थर चिन्हांकित करून संरक्षित करावेत. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठानं तापी-गिरणेच्या गाळाचे दांडे काढून आजच्या अचूक कालमापन पद्धतींनी त्यांचा अभ्यास हाती घ्यावा. चाळीसगाव-साक्रीच्या शाळांनी मुलांना या दरडींपाशी नेऊन तिथेच भूगोलाचा तास घ्यावा. पाटण्याला आठ शतकांपूर्वी ज्ञानासाठी मठ उभा राहिला होता. त्या मातीतून निघणारं हे नवं ज्ञान खान्देशच्या शेतकऱ्याच्या पाण्याच्या निर्णयापर्यंत पोचवणं हे आपल्या पिढीचं काम आहे, आणि त्यासाठी लागणारी साधनं, माणसं आणि जागा आज आपल्याकडे आहेत.